पाटीवर उतरणारी माणसं

पाथरीसाठी एकेकाळी दोन सुलतान एकमेकांवर चालून गेले होते. हे आज पाथरीच्या बसस्थानकावर कुणाला सांगितलं तर तो हसेल आणि माजलगावची गाडी लागली का ते बघायला वळेल. पण ही नुसती दंतकथा नाही. फिरिश्ता या इतिहासकाराने आपल्या ग्रंथात ती तपशिलाने दिली आहे.

पाथरीच्या कुलकर्ण्यांचं एक घराणं परागंदा होऊन विजयनगरच्या मुलखात गेलं. अहमदशहा बहमनीच्या स्वारीत त्या घरातला तिमाभट नावाचा मुलगा पकडला गेला. त्याला बाटवून हसन हे नाव दिलं. बापाचं नाव भैरव, त्यावरून ‘बहिरी’ हे उपनाम त्याला चिकटलं. शहाजाद्याबरोबर वाढलेला हा पोरगा पुढे बहमनी दरबारात मलिक हसन निजाम-उल्-मुल्क झाला आणि १४८१ मध्ये वजीर महमूद गावानचा जीव घेणाऱ्या कारस्थानात त्याचा मोठा हात होता. त्याच्या मुलाने, अहमदने, १४९० मध्ये निजामशाही उभी केली आणि पुढे अहमदनगर वसवलं. नातू बुऱ्हाण गादीवर आला तेव्हा पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. पूर्वजांचं गाव आहे, आम्हाला द्या, बदल्यात दुसरा परगणा घ्या, असा निरोप अहमदनगरहून गेला. अलाउद्दीन इमादशहाने नकार दिला आणि पाथरीची तटबंदी सुरू केली. १५१८ मध्ये निजामशाही फौजांनी पाथरी घेतली. इमादशाहीचा संस्थापक फतहउल्लाह हासुद्धा विजयनगरच्या मुलखातून पकडून आणलेला ब्राह्मणाचाच मुलगा होता, हे लक्षात घेतलं म्हणजे या भांडणाची गंमत आणखी वाढते.

अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, आणि पाथरी ही दोन्ही गावं आज एकाच राष्ट्रीय महामार्गावर आहेत. क्रमांक ६१, जुना क्रमांक २२२. कल्याण, मुरबाडवरून माळशेज घाट चढतो, अहिल्यानगर, पाथर्डी, माजलगाव करत ढालेगावजवळ गोदावरी ओलांडून परभणी जिल्ह्यात शिरतो. पुढे पाथरी, मानवत, परभणी, वसमत, नांदेड, भोकर आणि तेलंगणातलं निर्मल, लाकडी खेळण्यांचं गाव. कागदावर हा मोठा रस्ता आहे. परभणी जिल्ह्यातल्या माणसाला मात्र तो एवढा लांबलचक कधी दिसत नाही. त्याच्या लेखी तो ‘पाथरी रोड’ असतो, नाहीतर ‘मानवत रोड’, नाहीतर ‘नांदेड रोड’. जिथं जायचं त्या गावाचं नाव रस्त्याला. या लेखात त्यातला परभणी ते ढालेगाव एवढाच तुकडा आहे. परभणीपासून पाथरी पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, पुढे नदी.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण महाराष्ट्रभर ठाऊक आहे. तिचा उगम सांगणारे खूप भेटतात आणि प्रत्येकाचा उगम वेगळा. ती कौतुकाने म्हणायची की टोमण्याने, हे म्हणणारा परभणीचा आहे की बाहेरचा यावर ठरतं. दुसरी म्हण अस्सल दखनी हिंदीतली: ‘बनी तो बनी, नही तो परभणी’. काही जमलं नाही तर घरी परत, एवढा साधा अर्थ. नोकरीसाठी पुणे-संभाजीनगर करणाऱ्या पोरांच्या तोंडी ती आजही आहे.

परभणी शहर सोडून पश्चिमेला निघालं की दोन्ही बाजूंना काळं रान सुरू होतं. असोला, पेडगाव, ताडबोरगाव, कोल्हा पाटी. डोंगर नाही, घाट नाही, नजरेत भरावं असं वळणही नाही. पर्यटनाच्या पुस्तकात यावं असं काही या वाटेवर नाही, म्हणून लिहिणारे तिच्याकडे फिरकत नाहीत. पण या सपाट रानाखाली जे आहे त्यानेच रस्त्याचं नशीब ठरवलं आहे. ते म्हणजे काळी माती.

ही माती कापसाला आईसारखी आणि रस्त्याला वैऱ्यासारखी वागते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिल-मे महिन्यात या रानात पाय ठेवून बघा. हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात आणि कडेचं ढेकूळ दगडासारखं लागतं. तेच ढेकूळ मृगाच्या दोन पावसांनंतर बुटाला असं धरतं की बूट मागे राहतो आणि पाय पुढे येतो. अशा जमिनीवर डांबराचा थर दिला की पावसाळ्यात जमीन त्याला खालून उचलते, उन्हाळ्यात खाली सोडते. आधी कडा चिरतात, मग चिरांतून पाणी आत जातं, मग वरून उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या जातात आणि खड्डा तयार होतो. इलाज इंजिनिअरांना माहीत असतो. काळी माती खोल काढायची, चांगला मुरूम भरून दाबायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही बाजूंनी नाल्या काढून पाणी लांब न्यायचं. यातल्या नाल्या नेहमी राहून जातात. फोटोत डांबर दिसतं, नाली दिसत नाही. जिल्ह्यातले लोक ठेकेदारावर जेवढा राग काढतात त्यातला थोडा नालीसाठी राखून ठेवावा, असं माझं मत आहे.

अलीकडच्या वर्षांत या मार्गावर काँक्रीट आलं. काळ्या मातीवर ते डांबरापेक्षा टिकतं, हे खरंच. पण काँक्रीटने एक नवी अडचण आणली. रस्ता उंच झाला आणि साईडपट्टी खाली राहिली. समोरून ट्रक आला की दुचाकीवाल्याने कुठं उतरायचं? मागे बायको, तिच्या मांडीवर लेकरू, हँडलला बाजाराची पिशवी, आणि बाजूला वीतभर खोल कड. बैलगाडीची तर गोष्टच सोडा. रुंदीकरणात कडेचे लिंब आणि चिंचा गेल्या, त्यामुळे थांबायचं म्हटलं तरी सावली शोधावी लागते.

कोल्ह्याच्या पट्ट्यात मानवत रोड हे रेल्वे स्टेशन आहे. मानवत गाव तिथून पुढे आहे. गाडीतून उतरल्यावर आणखी रस्ता कापावा लागतो. १८९९ ते १९०१ या काळात मनमाड ते सिकंदराबाद अशी मीटरगेज लाईन टप्प्याटप्प्याने सुरू झाली. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे हे तिचं त्या काळचं नाव. जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा, नांदेड अशी ती गेली. पाथरीला शिवली नाही, मानवतला शिवली नाही. पाथरी अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातलं सरकार होतं, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचं ठाणं. ‘आईन-इ-अकबरी’त त्याची नोंद आहे. त्या पाथरीची पत रेल्वेने उतरवली आणि परभणीची चढवली. एका रुळाने हे केलं. माझ्या मते निजामशाही आणि इमादशाहीच्या सगळ्या लढायांनी मिळून पाथरीचं जेवढं बिघडवलं नसेल तेवढं या न आलेल्या रेल्वेने बिघडवलं. पाथरीवरून सोनपेठ-परळीकडे लोहमार्ग न्यावा, ही मागणी तिकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते ती उगाच नाही.

रेल्वेचं तोंड हैदराबादकडे होतं. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात, त्याची राजधानी तिकडे, हायकोर्ट तिकडे, उस्मानिया विद्यापीठ तिकडे. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये सत्तावीस गाड्या घेऊन प्रवासी मोटारसेवा सुरू केली, तीही हैदराबादला केंद्र धरूनच. परभणीहून अहमदनगरकडे जायचं म्हणजे मोगलाईतून, निजामाच्या राज्यातून, इंग्रजी मुलखात जायचं, मध्ये राज्याची हद्द, नाका आणि जकात. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. मराठवाड्याची सरकारी मोटारसेवा पुढे एसटी महामंडळात विलीन झाली. एवढ्या बारा वर्षांत या रस्त्याने आपलं तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवलं. आजोबा हैदराबादला शिकले आणि नातू पुण्याला, अशी घरं मानवत-पाथरीकडे आहेत. आजोबांना उर्दू वाचता यायचं, कारण जमिनीचे कागदसुद्धा उर्दूत असायचे. नातवाला ते येत नाही आणि घरातले जुने कागद वाचून घ्यायला तो कुणाला तरी शोधत असतो.

मानवत म्हटलं की बाहेरच्या माणसाला १९७२ ते १९७४ मधलं हत्याकांड आठवतं. मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी तपासाला आले होते, आणि २०२४ मध्ये त्यावर वेबमालिकाही आली. गावाची ओळख एवढीच उरावी, हा मानवतवर अन्याय आहे. मानवत हे कापसाचं गाव आहे. रेल्वे आली तशी इथं जिनिंग-प्रेसिंग वाढलं आणि गठाणी मानवत रोडवरून मुंबईच्या वाटेला लागल्या.

दिवाळीच्या आगेमागे इथल्या बाजार समितीत सकाळी उभं राहून बघण्यासारखं असतं. एकामागे एक टेम्पो, ट्रॅक्टर, छोटे हत्ती. हौद कापसाने शिगोशीग भरलेले, वर जुन्या साड्या ताणून बांधलेल्या. व्यापारी गाडीपाशी येतो, साडी बाजूला करतो आणि वरचा कापूस घेत नाही. कोपरापर्यंत हात आत खुपसतो. आतून मूठभर काढतो, एक बोंड दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये धरून ताणतो, धागा किती लांब येतो ते बघतो. मग मूठ दाबून सोडतो. कापूस लगेच फुलला तर कोरडा. गोळा तसाच राहिला तर ओला. कधी एखादी सरकी दाताखाली धरतो, कडक आवाज आला म्हणजे वाळलेली. शेतकरी या सगळ्या वेळात कापसाकडे बघत नाही, व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. सरकारी खरेदीला ओलाव्याचं यंत्र असतं: आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यावर बारापर्यंत कपात, बारावर गेला की गाडी परत. दिवाळीच्या तोंडावर वेचलेल्या कापसात दव आणि परतीचा पाऊस दोन्ही असतात. म्हणजे ज्याला सणाला पैसे हवेत त्याचाच कापूस ओला निघतो, आणि घरात साठवून वाळवायची ऐपत असलेल्याचा कोरडा.

१९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी आली तेव्हा हाच रस्ता बैलगाड्यांनी भरायचा. खरेदी केंद्राच्या दारापासून मागे लांबच लांब रांग, बैल सोडून चाकाला बांधलेले, तिथंच चूल, तिथंच मुक्काम. मोजमाप झालं की चेक, आणि चेक वटायला पुन्हा खेटे. त्या पिढीतले लोक या रांगांबद्दल सांगताना आधी चिडतात आणि मग रंगतात, कारण लग्नं जमली ती या रांगेत, भांडणं मिटली ती या रांगेत. आता सोयाबीनने कापसाची बरीच जमीन घेतली आहे. सोयाबीन चार महिन्यांत घरात येतं आणि वेचणीला बायका शोधाव्या लागत नाहीत, एवढं कारण पुरेसं आहे. तरी वेचणीच्या पहिल्या दिवशी सीतादहीचा विधी करणारी घरं अजून आहेत.

बहात्तर साल या रस्त्याला आणखी एका कारणाने लागू आहे. दुष्काळ. महाराष्ट्रभर सरकारी कामं निघाली आणि मे १९७३ मध्ये राज्यात पन्नास लाखांच्या घरात माणसं दुष्काळी कामांवर होती. मराठवाड्यात काम म्हणजे मुख्यतः खडी फोडणं आणि रस्त्याचा भराव टाकणं. आज ज्या जिल्हा रस्त्यांवरून गाड्या धावतात त्यातल्या पुष्कळांचा तळ तेव्हाच्या बायकांच्या हातोडीखालून आलेला आहे. डोळ्यात कपरी जाऊ नये म्हणून पदर कपाळावरून पुढे ओढलेला, पायाच्या अंगठ्याने दगड धरलेला, आणि दुपारी सुकडी. ती खाऊन मोठी झालेली माणसं आज साठीच्या पुढे आहेत. सुकडी म्हटलं की काहींच्या तोंडाला अजून पाणी सुटतं आणि काही जण तोंड फिरवतात. त्या रस्त्यांच्या कोनशिलांवर मंत्र्यांची नावं आहेत.

मानवत मागे टाकलं की रत्नापूर आणि लगेच पाथरी. इथं रानाचा रंग बदलतो, कारण जायकवाडी. पैठणच्या धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, लोकार्पण २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या. डावा कालवा दोनशे आठ किलोमीटर धावून याच जिल्ह्यात संपतो. शेपटाकडच्या गावांचं दुःख जगभर सारखंच: वरच्यांचं भिजून उरलं तर खालच्यांना. तरीही ज्या पट्ट्यात पाणी पोचलं तिथं ऊस आला, आणि उसाबरोबर रात्री दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आले. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही. हंगामात या रस्त्यावर रात्री दुचाकी चालवू नये, हे इथं कुणालाही सांगावं लागत नाही.

पाथरीत साईबाबांचा जन्म झाला, असं पाथरीचे लोक मानतात. विश्वास खेर यांनी १९७० च्या दशकात इथं येऊन घराघरांत चौकशी केली आणि भुसारी घराण्याशी साईंचा संबंध जोडला, एम. व्ही. कामत यांच्यासह त्यांनी लिहिलेलं साईचरित्र १९९१ मध्ये आलं. त्या जागी उभ्या राहिलेल्या मंदिराचं उद्घाटन १९९९ चं. साईंचे गुरू मानले गेलेले गोपाळराव देशमुख सेलूचे, म्हणजे पाथरीच्या उत्तरेला रेल्वेलाईनवरचे. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा करताना जन्मस्थान असा उल्लेख केला आणि १९ जानेवारीला शिर्डी बंद झाली. वाद कुणी जिंकला यात मला रस नाही. बाबांनी स्वतः आपली जात, गाव, बाप काही सांगितलं नाही. ज्याने एवढ्या निग्रहाने सांगायचं टाळलं त्याचा जन्मदाखला शोधण्यात भक्तांनी एवढी शक्ती घालवावी याचं मला नवल वाटतं. पण पाथरीकरांची बाजूही समजून घ्यायला हवी. सरकारचं ठाणं गेलं, रेल्वे आली नाही, किल्ल्याची निशाणी उरली नाही. त्यांना रस्त्यावर माणसं थांबायला काहीतरी हवं आहे. मंदिरामुळे ती थांबू लागली.

पाथरीच्या पुढे ढालेगाव. गोदावरीवर बंधारा आणि पूल. पलीकडे बीड जिल्हा. बंधाऱ्याचे दरवाजे बंद असले की इथं नदी भरलेली दिसते आणि उन्हाळ्यातही नजर निवते. जायकवाडीतून आणि माजलगावच्या बाजूने एकदम पाणी सुटलं की हीच नदी काठच्या गावांत शिरते. ऑगस्ट २००६ चा पूर इकडे लोक वर्षाच्या नावाने ओळखतात. त्यानंतर २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने मराठवाड्याच्या नदीकाठांवर उभं सोयाबीन सडवलं, काही ठिकाणी मातीसुद्धा खरवडून नेली. त्या दिवसांत महामार्ग पाण्याच्या वर राहिला तरी माणसं अडकलीच, कारण अडतो तो महामार्ग नसतो. पाटीपासून गावापर्यंतचा रस्ता अडतो.

मला या रस्त्याबद्दल सांगायचं आहे ते इथं येतं. पाटी म्हणजे मोठ्या रस्त्यावरची ती जागा, जिथं गावाच्या नावाचा फलक असतो आणि बाजूने वाट आत जाते. एक टपरी, एक पंक्चरवाला, असलाच तर एक निवारा, ज्याचे पत्रे उडालेले आणि भिंतीवर खताच्या जाहिराती. परभणी-पाथरी गाडीत बसून बघा. कंडक्टर विचारतो, ‘‘मावशी, कुठं?’’ आणि उत्तरात गावाचं नाव नंतर येतं, ‘‘पाटीवर’’ आधी. दवाखान्यात परभणीला गेलेली बाई, मानवतला कॉलेजला जाणारी पोरगी, बाजाराला बकरी घेऊन निघालेला बाप्या, हे सगळे पाटीवर चढतात आणि पाटीवरच उतरतात. त्यांचा प्रवास कल्याण ते निर्मल नसतो. दहा-बारा किलोमीटर महामार्ग आणि दोन-तीन किलोमीटर चिखल, एवढा असतो. महामार्गाचे सहा पदर झाले तरी त्यांचे ते दोन-तीन किलोमीटर तसेच राहतात. २००० साली पंतप्रधान ग्रामसडक योजना आली, २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या नावाची आली, २०२१ मध्ये शेतपाणंद रस्त्यांची मातोश्री योजना आली. काही वाटा झाल्या, हे नाकारायचं कारण नाही. राहिलेल्या वाटांवर पावसाळ्यात बाळंतीण अजून बाजेवर येते.

आणि आता नव्या रेषा आखल्या जात आहेत. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्याला जोडणारा जालना-नांदेड द्रुतगती मार्ग, सुमारे एकशे एकोणऐंशी किलोमीटरचा, सेलू, जिंतूर, परभणी, पूर्णा या तालुक्यांतून जायचा आहे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाची, मूळ आराखड्यात आठशे दोन किलोमीटरची, रेषाही परभणी जिल्ह्यातून ओढली आहे. दोन्हींच्या वेळी शेतकरी मोबदल्यासाठी आणि जमिनीसाठी रस्त्यावर आले. बागायती रान जाणाऱ्याचा राग समजतो. पण ज्याची जमीन जात नाही त्याचंही काही जाणार आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. हे रस्ते दोन्ही बाजूंनी बंद असतात. चढायचं-उतरायचं ते इंटरचेंजवर, तेही चारचाकीने. त्यांच्यावर पाटी नाही. एसटी थांबणार नाही, मावशी उतरणार नाही.

निजामशहाला पाथरी हवी होती ती खानदानाच्या अभिमानासाठी, रेल्वेला मानवत रोड हवं होतं ते गठाणींसाठी, महामार्गाला परभणी हवी आहे ती कल्याण आणि निर्मलच्या मध्ये येते म्हणून. मधल्या माणसाने दर वेळी दुसऱ्यासाठी आखलेला रस्ता आपल्या कामाला लावून घेतला. पुढच्या रस्त्यावर त्याला तेवढीही सोय राहणार नाही. म्हणून मागणी साधी आहे आणि ती आताच, आराखडे पक्के होण्याआधी करायला हवी. द्रुतगती मार्ग करायचे तर करा. पण त्याच निधीतून त्यांच्याखालून जाणाऱ्या प्रत्येक गावरस्त्याचा भुयारी मार्ग पाणी न साचेल असा बांधा, आणि जुन्या ६१ वरच्या प्रत्येक पाटीला छप्पर, दिवा, सपाट साईडपट्टी आणि गावापर्यंत बारमाही रस्ता द्या. परभणीच्या लोकप्रतिनिधींकडे मागायचं असेल तर एवढंच मागा.